तड्याआधीची रेघ

५ जून १९७८, सोमवार

पोचले एकदाची! पैठणची गाडी भर उन्हात शहरात शिरली आणि खिडकीतून सिनेमाच्या पाट्या, दुकानं, सायकलींचा लोंढा बघता बघता मान दुखून आली. अप्पारावमामा स्टँडवर घ्यायला आले होते. माझी ट्रंक त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि गारखेड्यापर्यंत आम्ही बोलत चालत आलो. आबा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ असतात. आमच्यात मॅट्रिक झालेली मी पहिली, नोकरीला निघालेलीही पहिलीच. मामा वाटेत भेटेल त्याला थांबवून हेच सांगत होते. लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

मामा एसटीच्या वर्कशॉपात फिटर आहेत. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, पुढं ओटा, मागं शेवगा. त्यापलीकडं बाजरीची रानं. केसरमामीनं पिठलं-भाकरी केली होती. मामा-मामीला मूलबाळ नाही, पण घर सुनं वाटत नाही, कारण शेजारच्या साळूबाईची चंपा दिवसभर इथंच असते. साळूबाई शाळेत शिपाई आहे, नवरा मनमाडला रेल्वेत, महिन्याकाठी येतो. ती माणसं बौद्ध. दोन्ही घरांत भिंत एकच. मामी त्या भिंतीवर लाटणं आपटून साळूबाईला बोलावते, आणि साळूबाई तिकडून तसंच उत्तर देते. चंपानं माझ्या ट्रंकेतली एकेक वस्तू काढून बघितली आणि मग माझ्या मांडीवरच झोपली. पुढचा दात पडलाय तिचा. मला अक्का म्हणते.

उद्यापासून कामावर.

११ जून, रविवार

कारखाना चिकलठाण्याला. सलाईनच्या बाटल्या बनतात. आत भट्टीचा उजेड असा की डोळे दिपतात, पण आम्हा मुलींची बसायची जागा वेगळी, तपासणी खात्यात. समोर पांढरा पडदा, त्याच्यामागं दिवे, आणि पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात. प्रत्येक बाटलीत बघायचं. बुडबुडा, खडा, तडा, काही दिसलं की बाटली बाजूला. चांगल्या बाटलीला आमच्याकडं ‘निर्मळ’ म्हणतात. शब्द आवडला.

मुकादम चांदपाशा म्हणून आहेत. उतारवयाचे, गोड बोलतात, पण बोलताना कुणाच्याच तोंडाकडं बघत नाहीत. छतावरच्या पंख्याकडं बघत सगळं समजावून सांगतात. मुली हसतात त्यांना. मीही हसले.

२० जून, मंगळवार

सुरुवातीला मला काहीच दिसत नव्हतं. चांदपाशांनी बाटली धरली, म्हणाले तडा शोधू नकोस, तडा मोठा असतो, तो आंधळ्यालाही दिसतो. तडा कुठून जाईल ते बघ. मला वाटलं थट्टा करतायत. पण आज दुपारी एका बाटलीच्या गळ्यापाशी केसासारखी रेघ दिसली. काच तर शाबूत होती. बोटानं चाचपली, गुळगुळीत. तरी बाजूला ठेवली. धुण्याच्या खात्यात गरम पाणी लागताच ती बरोबर त्या रेघेवर फुटली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांदपाशांनी नाही. ते पंख्याकडं बघत एवढंच म्हणाले की पाळी सुटली की थोडा वेळ भिंतीकडं बघत बसायचं, मगच बाहेर जायचं. लगेच माणसांकडं बघायचं नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, डोळे थकतात.

३ जुलै, सोमवार

आता सगळ्या खात्यात माझ्याएवढी नजर कुणाची नाही. साहेबांनी बोलावून शाबासकी दिली. भिंतीकडं बघत बसायचं मी सोडलंय. तेवढ्यात कंपनीची गाडी निघून जाते.

गेल्या गुरुवारी घरी आले तर चहाच्या कपात रेघ. मामीला सांगितलं, हा कप फुटणार. ती म्हणाली, फुटंल तवा फुटंल, पी. चार दिवस झाले, त्याच कपात चहा पितेय. फुटला नाही. रेघ मात्र तशीच आहे.

९ जुलै, रविवार

आज एक वाईट झालं.

मामी विळीवर कांदा चिरत होती. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. सहज वर बघितलं, तर मामीचं बोट पात्याच्या त्या बाजूला पडलेलं. रक्त, नख, सगळं. मी किंचाळले. मामी दचकली आणि तेव्हाच पातं बोटात शिरलं. बोट तुटलं नाही, चांगलंच कापलं. हळद दाबून बसली बिचारी. म्हणाली, “अगं, वरडलीस कशापायी? पाल पडली का काय?”

काय सांगू? तिचं बोट आधी चांगलं होतं. मी ओरडले म्हणून कापलं. मग मला दिसलं ते काय होतं? होणार ते दिसलं, की होऊ शकतं ते? कपाचं दिसलं ते झालं नाही. बाटलीचं झालं. बोटाचं अर्धं झालं, आणि तेही माझ्यामुळं.

हे लिहायला बरं नाही वाटत. उद्यापासून पुन्हा भिंतीकडं बघत बसणार.

१६ जुलै, रविवार

भिंतीचा उपयोग नाही. भिंतीतही रेघा आहेत.

माणसांत रेघ नसते, माणसांत हालचाल असते. कशी सांगू? नळावर एक बाई घागर भरत होती. तिचे हात घागरीवर, आणि त्याच हातांवर, पाण्यात सावली हलावी तसे, दुसरे हात. ते दुसरे हात शेजारणीच्या पोराला पाण्यात दाबत होते. खरी बाई त्या पोराला गूळ देत होती.

गाडीत मी आता डोळे मिटून बसते. गाडीत भांडणंही फार होतात हल्ली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, द्यायचं नाही. भिंतीभिंतीवर डांबरानं लिहिलंय, दोन्हीकडचं. कालपर्यंत एका डब्यातलं खाणाऱ्या दोन पोरी आज खिडकीच्या दोन टोकांना बसल्या.

२१ जुलै, शुक्रवार

सुट्टीवर होते. संध्याकाळ व्हायच्या आत ओट्यावर मामा आणि गल्लीतले दोघं-तिघं पेपर वाचत बसले होते. कुणीतरी नावाचा विषय काढला. मामा एरवी म्हणतात, नाव कुणाचंबी द्या, नट-बोल्ट तेच फिरवायचे. आज मात्र म्हणाले, “द्या की नाव, कोण नाय म्हनतं. पर आपलं मराठवाडा कशापायी काढायचं?” आवाज साधाच होता. चंपा त्यांच्या पाठीवर रेलून केसांत बोटं घालत होती.

आणि मामांच्या हातावर दुसरे हात आले.

त्या हातांत पेटलेला बोळा होता. हात साळूबाईच्या दाराकडं गेले. पत्र्याखालचं लाकूड पेटलं, मला आच लागली, खरंच लागली, गाल भाजले. मामांचं तोंड तेच होतं. प्रेमळ. तसंच तोंड ठेवून ते बघत होते.

मग मामांनी पेपराची घडी घातली आणि चंपाला पाठकुळी घेऊन गोळी आणायला दुकानात गेले.

२४ जुलै, सोमवार

चांदपाशांना सगळं सांगितलं. त्यांनी मला भट्टीमागं नेलं, तिथं आवाजात कुणाला ऐकू जात नाही. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. मग मान फिरवली. काय दिसलं विचारायची मला हिंमत झाली नाही.

म्हणाले, त्यांना तरुणपणीच दिसायला लागलं. त्यांची बायको जहांआरा प्रत्येक जिन्यावरून पडताना दिसायची. म्हणून तिला जिना चढू देईनात, मग उंबरा ओलांडू देईनात. ती पडली नाही कधी. पण घरात बसून बसून बोलणंच बंद झालं तिचं, आता खिडकीकडं तोंड करून बसते.

“जो हो सकता वो दिखता, बेटी,” म्हणाले. “जो होनेवाला है, वो नइ दिखता. दोनों का फरक अपनी आँखों में नइ है. इसलिए किसी को बोलना नइ. कुछ करना नइ.”

मी विचारलं, आणि खरंच झालं तर?

ते पट्ट्याकडं परत गेले.

२७ जुलै, गुरुवार

विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला. रेडिओवर आलं. गल्लीच्या तोंडाशी टायर जळतंय, धूर इथवर येतोय. कंपनीची गाडी आम्हाला अर्ध्या वाटेत सोडून परत गेली. चालत आले. चालताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाचे हात—

खाली बघत आले. मातीकडं.

२८ जुलै, शुक्रवार

सांगितलं. सांगून टाकलं.

मामा वर्कशॉपात होते, मामी दळण आणायला गेली होती. साळूबाई शाळा बंद म्हणून घरीच. मी म्हणाले, इथं राहू नका. भावाकडं जा, गावाकडं. तिचा भाऊ परभणीच्या पुढं एका खेड्यात असतो. ती भाकरी थापत होती, थांबलीही नाही. म्हणाली, “मानसं काय करत्याल ते तुला आत्ता दिसाया लागलं व्हय? आमाला जल्मापासून दिसतं, बाई. ते बघून बी राहतोच की.”

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं.

मी म्हणाले, गल्लीतल्या लोकांचं नाही बोलत मी. मामांचं बोलतेय.

तिचे हात पिठात थांबले. “अप्पारावदादा?”

मी मान हलवली.

तव्यावरची भाकरी करपली. मग हात धुतले आणि चंपाचे कपडे गोळा करायला लागली. एवढंच म्हणाली, “त्या एका मानसाच्या जिवावर झोपत व्हते मी हितं.”

स्टेशनावर मीच पोचवलं. गाडी उशिरा का होईना सुटली. खिडकीतल्या दोघींकडं मी नीट, तपासणीच्या नजरेनं बघितलं. दोघी निर्मळ. एकही रेघ नाही, काहीच हालत नाही. किती हलकं वाटलं! चंपा पडलेल्या दाताच्या फटीतून जीभ काढून दाखवत होती.

घरी सांगितलं, भाऊ आजारी म्हणून गेली. मामा म्हणाले, मला सांगून तरी जायचं. घराची किल्ली साळूबाईनं माझ्या हातात दिली होती. मामांनी ती आपल्या करगोट्याला बांधली.

३० जुलै, रविवार

आज सकाळी जमाव आला. गल्लीतले नव्हते, बाहेरचे. घोषणा देत आले. एकानं साळूबाईच्या दारावर काठी आपटून विचारलं, हे घर कुणाचं?

मी दाराच्या फटीतून बघत होते. मामा बनियनवर बाहेर गेले. आता, मला वाटलं. आता. त्यांच्या हातावर ते दुसरे हात होतेच, बोळा जळतच होता.

मामा तिच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. करगोट्याची किल्ली काढून दाखवली. म्हणाले, “माझ्या भैनीचं घर हाय. मला आधी पेटवा, मंग दाराला हात लावा.”

कुणीतरी ढकललं त्यांना. ते उठून परत तिथंच उभे राहिले. मग गल्लीतले दोघं त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. नळावरची ती बाईही आली, घागर तशीच कमरेवर. जमाव थोडा वेळ ओरडला आणि पुढं गेला.

घराला काही झालं नाही. पत्रासुद्धा हलला नाही.

मामांचं कोपर फुटलंय. मामी शेकतेय. ते हसून म्हणतात, बरं झालं बिचारी गावाला गेली, पोरगी भ्याली असती.

२ ऑगस्ट, बुधवार

खेड्यांतून बातम्या येतायत. परभणीकडच्या, नांदेडकडच्या. वस्त्या जाळल्या म्हणतात. पेपर येत नाही. वर्कशॉपात ड्रायव्हर लोक सांगतात, मामा ऐकून येतात आणि जेवत नाहीत.

तिथले हात माझ्यासमोर नव्हते. मी बघितलं ते त्या दोघींकडं. त्यांच्यात तडा नव्हताच. बाटलीत तडा असतो. माणसाला लागणारी काठी दुसऱ्याच्या हातात असते, आणि ते हात दूर कुठंतरी शेतात असतात, गुरं वळत असतात, आणि आपण स्टेशनावर निर्मळ म्हणून—

५ ऑगस्ट, शनिवार

मामा गेले आहेत. मिळेल त्या गाडीनं, नाहीतर चालत. मामीनं अडवलं नाही.

९ ऑगस्ट, बुधवार

मामा आले.

साळूबाई नाही. चंपा नाही. भावाच्या घराला बाहेरून कडी घातली होती. मामांनी दोघींची राख बघितली. तिचा नवरा मनमाडहून तिथं पोचला होता, त्यानंच मामांना धरून बाहेर आणलं.

मामा ओट्यावर बसलेत. परत परत एकच विचारतात. कुणाला म्हणून नाही, असंच. “गेलीच कशापायी ती? मी व्हतो की हितं.”

मी आत आहे.

१२ ऑगस्ट, शनिवार

कामावर जात नाही. मामीला वाटतं ताप आहे.

चांदपाशांकडं गेले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. ते माझ्याकडं बघेनात. मी म्हणाले, तुम्ही सांगितलं होतं. ते म्हणाले, हो. मी म्हणाले, आता काय दिसेल मला? भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “अब वो दिखेगा जो हो सकता था.”

१४ ऑगस्ट, सोमवार

दुपारी. ऊन आहे. चंपा ओट्यावर बसलीय.

मामी तिच्या अंगावरून सूप घेऊन गेली. तिथंच बसली पाखडायला. चंपा सरकली आणि जागा दिली.

दात आलाय तिचा. नवा, करवतीसारखा. जाताना नव्हता.

१७ ऑगस्ट

रोज येते. रोज मोठी.

आज दोन वेण्या, दप्तर. लाटणं घेऊन भिंतीवर वाजवलं. भिंतीपलीकडून उत्तर आलं. साळूबाईचं. मी ऐकलं. मामीनं वर बघितलं नाही.

मी डोळे मिटले तरी. मिटले तरी दिसते.

२० ऑगस्ट

आज माझ्याएवढी. पांढरी साडी निळ्या काठाची. हातात कागदाची गुंडाळी, उलगडून मला दाखवली. पदवीचा कागद. वर विद्यापीठाचं नाव. मी वाचलं. ते नाव अजून कुठंच लागलेलं नाही.

किती छान अक्षर होतं. मला रडू आलं. ती हसली, आणि हसताना तिच्या पदराला— खालून— धूर—

नाही. धूर खरा आहे. मामी चूल पेटवतेय. मामीच असेल.

२१

मामा विचारतात जेवलीस का. मामा इथं आहेत. हे मामा. हात दोनच.

कागद घेऊन ती माझ्याजवळ बसलीय. मी काय लिहिते ते वाचते. तिला वाचता येतं. येऊ शकलं असतं.

विचारते, अक्का, आईला जायला कुणी सांगितलं?

लिहिणार नाही—

ती वाट बघते. मागचं पान उलटते, २८ जुलैचं—

मी म्हणाले, मी. मोठ्यानं म्हणाले. मी, मी सांगितलं, मामा जाळतील म्हणून मी—

दारात मामा. करगोट्याला किल्ली. सगळं ऐकलं. का नाही ऐकलं. हे खरे मामा की ऐकू शकले असते ते? त्यांचं तोंड— तेच प्रेमळ—

विचारतात, कस्तुरा, कुणाशी बोलतीस?

आणि माझ्याआधी चंपानंच उत्तर दिलं—